गाव करील ते कमिटी ठरवील

ग्लॉस्टरशरमधल्या ज्या खेड्यात आम्ही राहतो, त्याचं नाव मी इथं देत नाही. द्यायचं तर तो विषय आधी पॅरिश कौन्सिलच्या विषयपत्रिकेवर यायला हवा, आणि पुढची बैठक कुत्र्यांची घाण, रस्त्यातले खड्डे आणि चर्चच्या आवारातल्या यू वृक्षाची छाटणी एवढ्यातच संपणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. या गावपंचायती १८९४ च्या कायद्यानं जन्माला आल्या. आमच्या खड्ड्याचा विषय तेव्हापासूनच प्रलंबित असावा असा माझा अंदाज आहे.

गावात एक चर्च, एक पब, एक छोटी शाळा, एक सभागृह आणि एक लाल टेलिफोन बूथ. बूथमध्ये टेलिफोन नाही. असे रिकामे बूथ एका पौंडात गावाच्या हवाली केले जातात, मग गाव त्यात पुस्तकं तरी ठेवतं किंवा बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र तरी. आमच्याकडे दोन्ही आहे. खालच्या फळीवर यंत्र, वरच्या फळीवर खुनाच्या कादंबऱ्या.

वस्ती पाचशेच्या आत. समित्या किती, ते मोजायचं मी सोडून दिलंय. सभागृहाची समिती वेगळी आणि त्याच सभागृहाच्या गळक्या छपराची वेगळी. समितीवर निवडून येण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे बैठकीला न जाणं. मी घरी भेंडी चिरत असताना उन्हाळी जत्रेच्या समितीची खजिनदार झाले. कळवायला आलेल्या अध्यक्षबाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर...” या देशात अशी सुरुवात झालेलं वाक्य म्हणजे हुकूम असतो, एवढं तोवर मला समजलं होतं.

जत्रा जुलैमधल्या एका शनिवारी व्हिकरच्या, म्हणजे चर्चच्या पाद्र्याच्या, बागेत भरते. तिकोनी पताका लागतात, पिंपाएवढ्या किटलीत चहा उकळतो, केकचं वजन ओळखायची स्पर्धा होते, रबरी गमबूट कोण जास्त लांब फेकतो ते पाहतात, सगळ्यात उत्साहानं शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला बक्षीस मिळतं. दुपारी दोनला अध्यक्षबाई उद्घाटन करतात आणि दोन वाजून पाच मिनिटांनी पाऊस. पळापळ अजिबात होत नाही. लोक रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढतात, भिजलेला केक खातात आणि एकमेकांना सांगतात, “निदान बागांना तरी बरं.”

माझं माहेर मालवणचं, त्यामुळे नारळ पाडायच्या खेळाकडे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धड हसताही येईना. खुंटांवर नारळ मांडायचे, लोकांनी पैसे भरून लाकडी चेंडू मारायचे, आणि पडला तर तो नारळ त्यांचा. आमच्या परड्यात नारळ फुकट पडत आणि डोकं वाचवणं एवढाच काय तो खेळ असे. पण खरी गंमत संध्याकाळी झाली. जिंकलेल्या नारळाचं पुढं करायचं काय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. पहिले आले ते निवृत्त शाळामास्तर. त्यांनी म्हणे नारळाला घरी करवत लावून पाहिली होती. मी पायरीवर बसून कोयत्याच्या पाठीनं दोन टोले घातले, पाणी वाटीत धरलं आणि दोन भकलं त्यांच्या हातात ठेवली. अर्ध्या तासात दारात रांग लागली. रांग लागली की इंग्रज माणूस कशासाठी ते विचारत नाही, आधी मागे उभा राहतो. त्यात ज्यांच्याकडे नारळ नव्हता असेही दोघे निघाले.

खजिनदार या नात्यानं जत्रेचं अर्थशास्त्र मला जवळून दिसतं. प्रत्येक घर केक करून देतं आणि मग शेजारणीचा केक विकत घेतं. टोम्बोलाच्या, म्हणजे बक्षिसांच्या सोडतीच्या, टेबलावर शेरीची एक आंबट बाटली माझ्या आधीपासून फिरते आहे. जिला लागते ती बाई “वा, काय नशीब!” म्हणते आणि पुढच्या वर्षी तीच बाटली पुसून परत देते. यातून छपरासाठी पैसे कसे जमतात हे मला आजवर उमगलेलं नाही, पण जमतात, आणि छप्पर गळतच राहतं. ते दुरुस्त झालं तर जत्रा कशासाठी भरवायची, हा प्रश्न समितीलाही पडत असणार.

ऑगस्टमधलं फुलं-भाज्यांचं प्रदर्शन मात्र थट्टेवारी न्यायचं काम नाही. एरवी गोगलगायीलाही वाट देणारी माणसं त्या आठवड्यात एकमेकांच्या कांद्यांकडे तिरक्या नजरेनं बघतात. कांदे तीनच हवेत, तिन्ही सारखे, आणि माना सुतळीनं बांधलेल्या. टोमॅटोंना हिरवे देठ हवेत. व्हिक्टोरिया स्पंज केकचे नियम तर विमेन्स इन्स्टिट्यूटच्या बायकांना तोंडपाठ: आत रास्पबेरीचाच जॅम, साय नाही, वर बारीक साखर, आणि थंड करायच्या जाळीचा वळ केकच्या माथ्यावर उमटलेला नको. ही बायकांची संस्था ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सुरू झाली ती १९१५ साली, वेल्समध्ये. युद्धाच्या काळात अन्नधान्य वाढवायला आणि टिकवायला तिनं गावोगावच्या बायकांना कामाला लावलं. तेव्हा जॅमच्या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. नियम मोडला की परीक्षक चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहितात, एन. ए. एस. म्हणजे पत्रकात सांगितल्याप्रमाणे नाही. मग तुमच्या हाताला अमृताची चव असो.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या त्या वर्षी त्यांनी चटणीच्या गटात शेंगदाण्याची चटणी ठेवली. इंग्रजी चटणी म्हणजे सफरचंद, मनुका, साखर आणि व्हिनेगर यांचा घट्ट गोड लगदा, तोही दोन-तीन महिने मुरवलेला. सासूबाईंच्या बरणीपुढे परीक्षकबाई बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी चमचा घातला, चाखलं, पाणी मागितलं, पुन्हा चाखलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, “चव उल्लेखनीय. मात्र फार कोरडी. झाकणावर जॅमच्या कंपनीचं नाव दिसतं आहे.” मी भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “त्यांच्या केकात तिखट कमी पडलंय, असं मी कुठं चिकटवून आले का?” प्रदर्शन आटोपल्यावर परीक्षकबाईंनी ती बरणी विकत घेतली, झाकणासकट.

हे सगळं “फार पूर्वीपासून” चालत आलंय, असं गावात कुणीही सांगेल. किती पूर्वीपासून, हे विचारू नये. मी विचारते. चर्चमध्ये शरद ऋतूत भोपळे, पाव आणि हल्ली डब्यातले चणे मांडून साजरा होणारा सुगीचा उत्सव अगदी अनादि वाटतो. पण आजच्या स्वरूपात तो १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या व्हिकरनं सुरू केला. आपल्या सार्वजनिक गणेशोत्सवाहून जेमतेम पन्नास वर्षांनी थोरला. हा हॉकर भलताच मनुष्य. तरुणपणी समुद्रातल्या खडकावर जलपरीचा वेष करून बसायचा असं सांगतात. त्यानं सुरू केलेला उत्सव इतक्या गंभीर चेहऱ्यांनी साजरा होताना पाहून मला दरवेळी त्या जलपरीचा समुद्री शेवाळ्याच्या केसांचा टोप आठवतो आणि प्रार्थनेत खोकला काढावा लागतो.

मे महिन्यातला मेपोल खरोखर जुना, एवढा की १६४४ साली प्युरिटनांच्या संसदेनं त्यावर बंदी घातली होती. पण शाळेची पोरं त्या खांबाभोवती रंगीत फितींची जी वेणी घालतात, ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात रुळली. हे मी एकदा शाळेच्या बाईंना सांगितलं. त्या वेळी त्या गुंत्यात अडकलेल्या एका मुलाला सोडवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते प्युरिटनांकडे पाहावं तसं.

जानेवारीत सफरचंदाच्या बागेत वॅसेल होतं. झाडांना सायडर, म्हणजे सफरचंदाचीच दारू, पाजायची, सायडरमध्ये भिजवलेले भाजके पाव फांद्यांवर रॉबिन पक्ष्यांसाठी टांगायचे आणि भुतंखेतं पळवायला पातेली बडवून बंदुकीचे बार काढायचे. हे १७ जानेवारीला करतात, जुन्या कॅलेंडरच्या हिशेबानं. १७५२ साली इंग्लंडनं कॅलेंडर बदललं, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला आणि मधले ११ दिवस गायब झाले. सरकारनं ते मान्य केलं, सफरचंदाच्या झाडांनी अजून केलेलं नाही. बंदूक अर्थातच परवान्याची असते, आणि आदल्या आठवड्यात समितीची ईमेल येते की साडेसात वाजता बार होतील, कुत्री आत ठेवावीत. भुतांनाही यामुळे आगाऊ सूचना मिळते आणि ती साडेसातच्या आत सभ्यपणे निघून जात असावीत.

बाहेरच्या लोकांना आमचा परगणा माहीत असतो तो चीजमुळे. मेच्या शेवटच्या सोमवारी ब्रॉकवर्थजवळच्या कूपर्स हिलवरून डबल ग्लॉस्टर चीजचं तीन-चार किलोंचं चाक सोडतात आणि माणसं त्याच्यामागे धावतात. धावतात म्हणजे पहिली दोन पावलं, पुढं सगळं गडगडणं. उतार इतका खडा की कुणीच धड उभ्यानं खाली पोचत नाही. पायथ्याशी रग्बी खेळणारे दणकट गडी येणाऱ्याला झेलतात, आणि सगळ्यात आधी पोचतो त्याला चीज मिळतं. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरही चीज रेशनवर असताना लाकडाचं चाक करून त्यात चीजचा एक तुकडा बसवत, पण गडगडणं चुकवलं नाही. २०१० साली सुरक्षेच्या कारणावरून अधिकृत शर्यत रद्द झाली, तेव्हापासून ती अनधिकृतपणे भरते. २०१३ साली खऱ्या चीजऐवजी फोमचं सोडलं गेलं. हाडं माणसांची मोडत होती, सुरक्षित मात्र चीज केलं.

त्याच आठवड्यात तिकडं चिपिंग कॅम्पडनच्या टेकडीवर नडग्यांवर लाथा मारायची स्पर्धा असते. १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलानं तिथले खेळ सुरू केले. मला यात धंद्याचा वास येतो. दोघांनी धनगरी पांढरे अंगरखे घालायचे, विजारीत पेंढा कोंबायचा, एकमेकांच्या खांद्याला धरायचं आणि लाथा मारत दुसऱ्याला लोळवायचं. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, गावच्या दवाखान्यात आहेत. त्यांना मी विचारलं, पेंढ्याचा उपयोग होतो का? ते म्हणाले, “लाथ मारणाऱ्याच्या मनाला होतो.”

शेकोटीची समिती मात्र मला मनापासून आवडते. १६०५ साली गाय फॉक्स ३६ पिंपं दारूगोळ्यासह संसदेच्या तळघरात पकडला गेला. त्याबद्दल देवाचे आभार मानायचा कायदा १८५९ पर्यंत होता. आता कायदा नाही, पण ५ नोव्हेंबरला गावोगाव शेकोटी पेटते आणि तिच्यावर त्या बिचाऱ्याचा पुतळा जळतो. आमच्याकडे महिनाभर मैदानात मोडकी कपाटं, फांद्या, कुणाच्या तरी आजोबांची खुर्ची असा ढीग रचला जातो. पेटवायच्या दिवशी तो संपूर्ण ढीग हातांनी उपसून शेजारी नव्यानं रचतात. का? तर आत हेजहॉग झोपलेला असू शकतो. भर थंडीत, डोक्याला विजेरी बांधून, कपाटाचा एकेक खण उघडून “आहेस का रे बाळा?” असं पाहिलं जातं. एखादा सापडलाच तर त्याला टॉवेलात गुंडाळून कुणाच्या तरी कुंपणाखाली वाळक्या पानांत निजवतात. मग सगळे गोल उभे राहतात, हातात गरम सूपचे कप घेतात आणि चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला पुन्हा एकदा आनंदानं जाळतात.

वर्षाचा शेवट ममर्सच्या नाटकानं. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, पबसमोर, कागदाच्या पट्ट्या लावलेले कपडे घालून. कथानक सोपं आहे. सेंट जॉर्ज आणि तुर्की सरदार तलवारींनी लढतात, सरदार मरतो, एक वैद्य येऊन त्याला बाटलीतला थेंब पाजतो, तो उठतो, सगळे आत जाऊन पितात. गेल्या डिसेंबरात समितीचे दोघेजण आमच्याकडे आले. चहा झाला, हवा झाली, पुन्हा हवा झाली. शेवटी एकजण गालिच्याकडे बघत म्हणाले, “सरदाराची भूमिका रिकामी आहे. अर्थात कुणाचाही तसा काही हेतू नाही. म्हणजे कुणालाही कुठलीही भूमिका... उंचीच्या दृष्टीनं फक्त...” त्यांचे कान लाल झाले होते. डॉक्टरांनीच त्यांची सुटका केली. “मेलेल्याला उठवणारा एक वैद्य असतो ना? दवाखान्यात ते जमलं नाही, इथं तरी करून बघतो.”

तालमीत मात्र पेच पडला. संहितेत वैद्य फुशारकी मारतो की खरूज, संधिवात, लकवा, सगळं आपण बरं करतो. डॉक्टरांचं म्हणणं, असा दावा आपल्याला करता येणार नाही. निदान “आठवड्यात फरक पडला नाही तर परत या” एवढं तरी जोडू द्या. मतदान झालं. प्राचीन संहितेत बदल करायचा नाही असं ठरलं. ती प्राचीन संहिता शाळामास्तरांनी टाइपरायटरवर उतरवलेली होती आणि वैद्याच्या तोंडी त्यांचे स्वतःचे दोन विनोद होते, त्याला कुणी हरकत घेतली नाही.

प्रयोग उत्तम झाला. पाऊस होताच. सरदार चिखलात मेला आणि एक थेंब पोटात जाताच ताडकन उठला, कारण बाटलीत शाळामास्तरांनी खरी ब्रँडी भरली होती.

जानेवारीत शेजारच्या आजीबाई गुडघे दाखवायला दवाखान्यात गेल्या. हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, ते रुग्णांचं काही बोलत नाहीत. आजींनीच पबमध्ये सगळ्यांना ऐकवलं. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “गोळ्या नकोत. त्या दिवशी सरदाराला बाटलीतून जे दिलंत, तेच लिहून द्या.”

डॉक्टर म्हणाले, “ते फक्त मेलेल्यांना देतो.”

“बरं,” आजी म्हणाल्या, “मग माझं नाव आत्ताच यादीत घालून ठेवा. तुमच्याकडे नंबर लागायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे.”