आचार्यांनी जिलब्या तळल्या

माझं समग्र वाङ्मय सध्या चौकोनांत आहे. ओळीच्या ओळी चौकोन, मध्येच एखादा स्वल्पविराम, शेवटी उद्गारचिन्ह. विरामचिन्हं तेवढी वाचली आहेत, आणि माझ्या लेखनात उद्गारचिन्हांना कधीच तोटा नसल्यामुळे पानं अगदीच ओसाड दिसत नाहीत. बायकोनं खांद्यावरून डोकावून विचारलं, "सुडोकू का?" मी म्हटलं, "ललितलेख." ती "अस्सं" म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

निमित्त एका प्रकाशकांच्या फोनचं. "तुमच्या जुन्या लेखांचं एखादं निवडक काढावं म्हणतो. फाइली युनिकोडमध्ये पाठवा." यातलं पहिलं वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसलो होतो, की दुसरं कानावरून गेलं. फोन ठेवल्या ठेवल्या मी मुखपृष्ठाचा, अर्पणपत्रिकेचा आणि प्रस्तावना कुणाकुणाकडून नको याचा विचार उरकून घेतला. फाइली उघडायचं सगळ्यात शेवटी सुचलं.

चौकोन झाले ते अलीकडचे लेख, लॅपटॉपवर लिहून पेनड्राइव्हनं या जुन्या कॉम्प्युटरवर आणलेले. त्याआधीचे, म्हणजे ज्यांच्यामुळे मी गाजलो असं निदान माझं तरी मत आहे, ते थेट इंग्रजीत गेलेत. आपलं लेखन इंग्रजीत जावं ही इच्छा प्रत्येक मराठी लेखकाच्या पोटात असतेच. वरकरणी तो अनुवादाला नावं ठेवतो एवढंच. पण हे इंग्रजी म्हणजे कसं? 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, मोठा बी आणि एच. मी ते मोठ्यानं वाचून बघितलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाणी प्या, उचकी थांबेल."

हा कॉम्प्युटर अजून भंगारात का गेला नाही, हा प्रश्न आमच्याकडे दर दिवाळीच्या साफसफाईत निघतो. त्यावर विंडोज एक्सपी आहे. ती बाजारात आली २००१ साली आणि ८ एप्रिल २०१४ पासून कंपनीनं तिच्याकडे बघणं सोडलं. आमच्याकडे ती अजून नांदते, याचं कारण मागच्या बाजूला, प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं डोंगल. त्या काळी मराठीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं की हे ठोकळेवजा कुलूप सोबत यायचं. ते लावलेलं असेल तरच मराठी उमटणार. नव्या लॅपटॉपला तेवढ्या रुंदीचं भोकच नसतं. तेव्हा माझी प्रतिभा म्हणा, शैली म्हणा, जे काही आहे ते या मशिनच्या पाठीला दोन स्क्रूंनी आवळलेलं आहे.

मध्यंतरी ते सुरूच होईना म्हणून दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं. या मंडळींकडे दुखणं कुठलंही न्या, औषध एकच. माउस अडकतो? फॉरमॅट. पंखा घरघरतो? फॉरमॅट. माझ्या पाठदुखीचं सांगितलं असतं तरी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला असता. जाताना म्हणाला, "डेटा सेफ आहे, सर. डी ड्राइव्हला हात लावलेला नाही." आणि हे शंभर टक्के खरं होतं. माझा एक बाइटसुद्धा जागचा हललेला नव्हता. फक्त फॉन्ट सगळे सी ड्राइव्हवर होते.

इथं पुतण्याचा प्रवेश होतो. पुतण्या हिंजवडीला असतो आणि शनिवार-रविवारी सांगलीला आला की नातेवाइकांचे मोबाइल दुरुस्त करतो. त्यानं विचारलं, "काका, एनकोडिंग कुठलं वापरलंत?" मी बाणेदारपणे म्हटलं, "शुद्ध मराठी." त्यानं एक दीर्घ श्वास घेतला आणि खुर्ची जवळ ओढली.

त्यानं सांगितलं ते असं. जुन्या कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. एका अक्षराला एक बाइट, म्हणजे एकंदर २५६ खोल्या. त्यातल्या पहिल्या १२८ इंग्रजीच्या नावावर आधीच लागलेल्या. मग आपली अक्षरं त्याच खोल्यांत पोटभाडेकरू म्हणून शिरली. दप्तरी नाव 'के'चं, आत राहतो काना. 'डी'च्या खोलीत क. ही झाली कृतिदेव या फॉन्टातली वाटणी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुरेख, ज्याची त्याची व्यवस्था निराळी आणि करारनामा कुणाचाच कुणाशी नाही. फॉन्ट जागेवर आहे तोवर सगळं सुरळीत. फॉन्ट गेला, की दारावरच्या मूळ पाट्या दिसायला लागतात.

चौकोनांचं प्रकरण त्यानं चुटकीसरशी मिटवलं. एक्सपीला देवनागरी येते, पण कंट्रोल पॅनेलमध्ये एका चौकटीत खूण केल्याशिवाय ती तसं कबूल करत नाही. आणि खूण केली की मूळ सीडी मागते. सीडी पुतण्याकडे होती. मंगल फॉन्ट बसला आणि चौकोनांतून माझी वाक्यं वर आली. हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. ते सुलेखनकार होते तसे कवीही होते. गद्य लेखकाला कवीनं वाचवल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या ऐकिवात नाही. अशा चौकोनांना जगभर टोफू म्हणतात आणि गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरून पडलंय, हेही ज्ञान पुतण्यानं जाता जाता दिलं. माझ्या लेखनाला सोयाबीनचं बेचव पनीर म्हणणारा तो पहिला नव्हे.

आणखी एक भानगड होती. फाइलींच्या तारखा. काल दुरुस्त केलेला लेख यादीत सगळ्यात जुना, कारण कॉम्प्युटरच्या मते काल १ जानेवारी २००२ होती. आजही तीच. स्विच बंद करून पुन्हा लावला की आमच्याकडे नवीन वर्ष सुरू व्हायचं. आतला नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला होता. तो बदलेपर्यंत मला एकच घोर. माझ्या वाङ्मयाचा कालानुक्रम लावताना भावी संशोधकांचं काय होणार? पुतण्या म्हणाला, "काका, आधी वर्तमान वाचक बघू."

जुन्या लेखांसाठी त्यानं एक फुकटचा कन्व्हर्टर शोधला. एका खिडकीत ई-जे-के ओतायचं, दुसरीतून मराठी निघतं. मराठी निघालं, पण बाळंतपण अवघड गेलं. रफार एकेक अक्षर पुढे सरकले, 'धर्म' बिघडला, 'कर्म' बिघडलं. पहिल्या वेलांट्या आपापली अक्षरं सोडून पळाल्या. अशा निराधार वेलांटीला कॉम्प्युटर ठिपक्यांचं एक वर्तुळ देतो, टेकायला. हे सगळं मी सहन केलं. पण अर्ध्या र ला धक्का लागला तेव्हा माझा तोल गेला.

आता या र पाशी मला थांबायचंय. लेखाचं प्रमाण बघता थांबू नये, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. 'पायऱ्या', 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' यांतला तो आडवा, अर्धा र. हिंदीचं त्याच्यावाचून अडत नाही. मराठीचं अडतं, आणि तिकडे नेपाळीचं. शिशाच्या खिळ्यांत त्याची जागा पक्की होती. जुन्या फॉन्टांतही त्याला स्वतंत्र खोली होती. युनिकोडात तो दोन वाटांनी येतो. एक वाट म्हणजे र, त्याला हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरी वाट म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. तो मुळात द्राविडी भाषांतला उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून कोष्टकात बसवला, त्याला हलन्त लावला की आपला र तयार. म्हणजे 'दुसऱ्या' लिहायला आपल्याला तमिळांकडून उसनवारी. माझी त्याला हरकत नाही, इडलीही आपण त्याच भागातून आणली. पण दिसायला तंतोतंत सारखे असलेले हे दोन र एकमेकांना ओळखत नाहीत. एका वाटेनं लिहिलेला शब्द दुसऱ्या वाटेनं शोधला, तर साधा शोध 'असा शब्द नाही' म्हणून मोकळा होतो.

आमच्या कन्व्हर्टरनं दोन्ही वाटा सोडल्या. ते अदृश्य जोडचिन्ह त्यानं सरसकट गाळलं, आणि उरलेला र पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसला. मग काय झालं? लग्नातल्या पंगतीवर माझा एक लेख आहे. (शालेय पुस्तकात घ्यावा असा आहे. कुणी घेतलेला नाही.) त्यात आचाऱ्यांनी पहाटे भट्टी पेटवली आणि उघड्या अंगानं जिलब्या तळल्या, असं वर्णन आहे. ते झालं, 'आचार्यांनी पहाटे भट्टी पेटवली आणि उघड्या अंगानं जिलब्या तळल्या.' आता मराठी माणसाला आचार्य म्हटलं की दोघंच डोळ्यांसमोर येतात. अत्रे एकवेळ चालून जातील. तळल्या नसत्या, पण ताटात तरी घेतल्या असत्या. पण उघड्या अंगानं म्हटल्यावर नजर विनोबांकडेच वळते. पुढच्या परिच्छेदात आचार्यांनी वऱ्हाड्यांकडून बिडी मागून घेतली आहे. त्यापुढे मी वाचलं नाही. दुसऱ्या एका लेखात महाबळेश्वरच्या दऱ्यांत धुकं भरलं होतं. ते 'दर्यांत' भरलं. ज्या समुद्रासाठी सातारा जिल्ह्यानं कधी साधा अर्ज केला नाही, तो मी फुकट पोचवला.

बायकोनं ही सगळी पानं हसत हसत संपवली. म्हणाली, "आधीपेक्षा पुष्कळ बरं झालंय."

हसलो मीही. पण नंतर झोप लागेना. माझे लेख गेले तर मराठीचं काय बिघडतं, हे मी नम्रपणे विचारू शकतो. (उत्तर देऊ नये.) पण जुन्या फॉन्टांच्या त्या दहा-वीस वर्षांत तालुक्याच्या गावच्या साप्ताहिकांनी, दिवाळी अंकांनी, प्रबंधवाल्यांनी, पाणीपुरवठा संस्थांच्या अहवालांनी जे जे टाईप केलं, ते बहुतेक असंच ई-जे-के होऊन कुणाकुणाच्या माळ्यावर पडलंय. उद्या एखादी पोरगी आटपाडी-जतच्या टँकरांवर अभ्यास करायला बसली आणि तिनं त्या फाइलींत 'दुष्काळ' शोधला, तर एकही जागा सापडणार नाही. कागदावर तो आहे. यंत्राच्या लेखी तो पडलेलाच नाही. आणि हे अटळ होतं का? युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, आणि तिच्यात देवनागरी होती. त्याच साली आपल्याकडचं इस्की हे प्रमाणही मानक म्हणून छापून आलं. भाषेचं सॉफ्टवेअर करणारी सीडॅक पुण्यातच. तरी आपण पुढची कित्येक वर्षं पोटभाडेकरूच राहिलो, कारण पत्रिका उद्या छापायची असायची आणि शेजारच्या ऑपरेटरकडे तोच फॉन्ट असायचा. पेशवे दफ्तरातली मोडी वाचणारा माणूस पुण्यात आजही मिळतो. १९९८ सालची मराठी वाचणारा कुठं शोधायचा?

तो माणूस गावभागात निघाला. माणूस म्हणजे बाई. माझे सगळे जुने लेख ज्यांनी टाईप केले त्या डीटीपीवाल्या ताई. तेव्हा त्यांच्याकडे पेजमेकर, लेझर प्रिंटर आणि बटर पेपरची थप्पी असायची. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल आणि मी. आता त्याच टेबलावर सातबारा, आधार आणि पॅन कार्ड. मी कॉम्प्युटर उघडून दाखवावा म्हणून त्यांना घरी घेऊन आलो. त्या स्क्रीनसमोर बसल्या, चष्मा कपाळावर चढवला, आणि त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली. कीबोर्ड बाजूलाच होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. डावी करंगळी, उजवी तर्जनी, पुन्हा डावी. डोळे ई-जे-केवर आणि तोंडानं संथपणे, अडखळत, माझाच लेख. "वाड्याच्या... पायऱ्या... उतरताना..." पायऱ्या! अर्धा र जागच्या जागी. तो त्यांच्या बोटात होता.

मी थक्क होऊन ऐकत होतो. (स्वतःचा लेख दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मी नेहमीच थक्क होतो, पण या वेळी कारण निराळं होतं.) ताई मध्येच थांबल्या. "इथं तुम्ही 'अंतर्मुख' लिहिलं होतं, सर. प्रत्येक पानावर असायचं. मी काढून टाकायची."

"काढून टाकायचा?"

"सगळे नाही. अगदी जवळजवळ आले की."

एका परीक्षणात माझ्या शैलीला 'संयत' म्हटलं होतं. ते कात्रण मी लॅमिनेट करून टेबलासमोर लावलंय. ताईंची नजर तिकडे गेली. लॅमिनेशनही त्यांच्याकडेच केलं होतं; तेव्हा काही बोलल्या नव्हत्या.

"डोंगल आहे ना अजून?" त्यांनी विचारलं. "सीडी माझ्याकडं आहे. फॉन्ट टाकून देते, मग तुम्ही नुसते प्रूफ बघा. युनिकोडला मी सगळं परत टाईप करणार, त्या कन्व्हर्टरवर माझा भरवसा नाही. पानाचा दर आता तो राहिला नाही, आधीच सांगते."

दर मी कबूल केला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मग सर, ते अंतर्मुख परत घालायचे का? पुस्तक निघतंय म्हणून विचारलं."

मी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. "एखादा ठेवा," म्हटलं. "समीक्षकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी."

"पहिल्या पानावर ठेवते," ताई चपला घालत म्हणाल्या. "पुढं कोण जातंय!"