तुमचं किती किलोवॅट?

ऐकलंत का? नागपुरात हल्ली लोक विजेचं बिल व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला लावतात. बिल! परवापर्यंत जो कागद नवऱ्यापासून बायको आणि बायकोपासून नवरा लपवत होता, तोच आता शून्याच्या आकड्याभोवती लाल गोल काढून गावभर मिरवतो आहे. खाली हात जोडलेली बाहुली आणि ‘सूर्यदेवाची कृपा’. बेसा म्हणू नका, मनीषनगर म्हणू नका, त्रिमूर्तीनगर म्हणू नका, कुठल्याही गल्लीत मान वर केली की निळ्या-काळ्या काचा चमकताना दिसतात. लग्नाच्या पंगतीत पूर्वी पगाराची चौकशी व्हायची, मग फ्लॅट किती बीएचकेचा याची. आता वरण-भातावर तूप पडायच्या आत प्रश्न येतो, “तुमचं किती किलोवॅट?” तीन म्हणालात तर ठीक. दोन म्हणालात तर समोरचा हळहळतो. आणि “अजून लावलं नाही” म्हणालात तर थेट तब्येतीचीच विचारपूस सुरू होते.

हे सगळं पेटलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. गच्चीवरच्या सोलरसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. ७५,०२१ कोटींची तरतूद, एक कोटी घरांचं उद्दिष्ट. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे एकूण ७८,००० रुपये अनुदान. हा अठ्ठ्याहत्तरचा आकडा आमच्याकडे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. राज्यात नागपूर जिल्हा यात आघाडीवर राहिला, आणि का राहणार नाही? नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमध्ये प्लॉटवर स्वतंत्र घरं, स्वतःच्या मालकीची गच्ची, आणि मे महिन्यात असं बिल की घरमालक आधी पाणी मागतो, मग चष्मा. त्यातून खापरखेडा आणि कोराडीची औष्णिक केंद्रं शहराच्या उशाशी. कोळशाच्या धुराड्यांकडे तोंड करून सूर्याची वीज पिकवायची, यात जो थाट आहे तो मुंबईकरांना कळायचा नाही.

पण गॉसिप वेगळंच आहे. आतल्या गोटातलं सांगते.

पहिलं म्हणजे ते शून्य शून्य नसतंच! स्टेटसचा फोटो जरा मोठा करून बघा. युनिट शून्य, पण स्थिर आकार तिथेच ठाण मांडून बसलेला असतो. तो सूर्यालाही जुमानत नाही. गल्लीतल्या एका काकूंनी सगळ्यांच्या डीप्या आणि स्टेटस तपासून हे भांडं फोडलं, तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

दुसरं तर चव्हाट्यावरच घडलं. भर दुपारी वादळ आलं, तारेवर फांदी पडली, लाईट गेली. वादळ निवळलं, पुन्हा लख्ख ऊन पडलं, पण लाईन यायचं नाव नाही. ज्यांच्या गच्चीवर पाच किलोवॅटची आरास आहे ते भाऊ घामाघूम होऊन गेटवर उभे.

“काहून भाऊ, तुमच्या घरी पण अंधार?”

“सिस्टीम ऑन-ग्रिड आहे नं.”

“म्हणजे?”

“म्हणजे महावितरणची लाईन गेली की आपलंही बंद.”

बाप्पा! डोक्यावर सूर्य, सूर्याखाली पॅनल, पॅनलखाली इन्व्हर्टर, आणि त्याखाली मालक वर्तमानपत्राने वारा घेतोय! गल्ली आठवडाभर हसली. खरं कारण मात्र हसण्यासारखं नाही. लाईन बंद समजून वायरमन खांबावर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत गेली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेत वीज नसली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, तसा नियमच आहे. अंधारातही पंखा हवा असेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या, आणि त्याचे जादा पैसे मोजा. हे विकणाऱ्याने भाऊंना सांगितलं नव्हतं का? सांगितलं असावं. पण त्या वेळी भाऊंचं लक्ष शेजाऱ्याच्या गच्चीवर होतं.

ही शेजाऱ्याची भानगड तर विचारूच नका. एका घरात दोघंच, मुलं पुण्याला, महिन्याला जेमतेम दीडशे युनिटं. समोरच्याने चार लावले म्हणून यांनी पाच लावले! एक किलोवॅट म्हणजे दिवसाला साधारण चार युनिटं, महिन्याला सव्वाशेच्या आत-बाहेर. पाच किलोवॅटची सहाशे युनिटं ही दोघं कशात घालणार, आंघोळीच्या पाण्यात? शिवाय अनुदान तिसऱ्या किलोवॅटनंतर वाढतच नाही, वरचा सगळा खर्च पदरचा. अनुदान खात्यात येतं तेही काम झाल्यावर, तोवर सगळे पैसे आपणच उभे करायचे, नाहीतर बँकेकडून घ्यायचे. पण विचारून बघा, म्हणतील, “पुढे-मागे इलेक्ट्रिक गाडी घेऊ.” गाडी चालवणार कोण, तर चष्म्याचा नंबर वाढला म्हणून स्कूटर सोडलेले काका.

आता सगळ्यात खमंग प्रकरण. मार्चचं.

दिवाळीनंतर नागपुरात एसी-कूलर झोपतात, पण ऊन काही झोपत नाही. युनिटं तारेवाटे महावितरणकडे जातात आणि बिलावर ‘निर्यात’ म्हणून जमा होत राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसती चंगळ. शेकडो युनिटं शिल्लक, मालक मोबाईलमधलं अ‍ॅप दिवसातून दहादा उघडून गालात हसतो. आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की ती शिल्लक पुढे सरकत नाही. तुटपुंज्या दराने तिचे पैसे लावतात आणि वही कोरी. एप्रिल उजाडला की ४२ अंशांत एसी सुरू, खाती भोपळा! ऐन गरजेच्या तोंडावर साठा रिकामा करायचा, असा मुहूर्त काढणाऱ्याने विदर्भात एक तरी उन्हाळा काढायला हवा होता.

मग लोक काय करतात? मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशा कुठल्याही कॉलनीत फेरफटका मारा. एरवी ‘बल्ब बंद कर’ म्हणून ओरडणारे आजोबा सकाळी आठला एसी लावून शाल पांघरून बसलेले. इंडक्शनवर पुरणपोळ्या. गॅसची शेगडी पुसून बाजूला ठेवलेली. एका बाईंनी तर घरातल्या सगळ्या गोधड्या मशीनमध्ये धुऊन काढल्या. धुतलेल्या पण!

आणि तोरा काय तर, “आमच्याकडे ४५ डिग्री, म्हणून आमची वीज जास्त!” मला या ठिकाणी नाइलाजाने चुगली करावी लागते. पॅनलला ऊन म्हणजे उजेड हवा असतो, ताप नको असतो. त्याच्यावर लिहिलेली वॉटची संख्या २५ अंश तापमानाची असते. मेच्या दुपारी काच ६५च्या घरात जाते, आणि दर अंशामागे पाव ते अर्धा टक्का गळती धरली तर दहा ते वीस टक्के वीज तिथेच वितळते. त्यात कोराडीकडची राख-धूळ बसते. मग भर बाराला कुणीतरी पाइप घेऊन तापलेल्या काचेवर थंड पाणी मारतं. काच तडकू शकते हो! पहाटे धुवा, नाहीतर सूर्य मावळल्यावर. पण पहाटे धुतलं तर बघणार कोण?

खरं सांगायचं तर मला या सोलरवाल्यांचा राग नाही, हेवा आहे. ज्यांच्या घरी महिन्याला तीनशेच्या वर युनिटं जळतात, त्यांनी हे कालच लावायला हवं होतं, कारण विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि सोलर आधी वरचे महाग टप्पेच कापतं. शंभराच्या आत भागवणाऱ्यांना मात्र खर्च वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील, त्यांनी शेजाऱ्याच्या गच्चीकडे बघून उसासे टाकायचं कारण नाही. वर्षभराची बिलं काढा, बेरीज करा. मग दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते बघा. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्यासोबत जोडलेल्यांचीही वीज घटते, आणि टाकी काही सूर्याबरोबर सरकत नाही. शेजारच्या कडुनिंबाचं तर बोलूच नये. दोन गल्ल्यांपलीकडे त्या झाडावरून जे झालं, ते मी ऐकलं आहे पण छापण्यासारखं नाही.

आता ही लागण फ्लॅटवाल्यांनाही झाली आहे. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, असं कुणीतरी सभेत म्हणालं आणि वीस वर्षं कुलूपबंद असलेली गच्ची एकदम वडिलोपार्जित झाली. वरच्या मजल्याचे म्हणाले, छप्पर आमचं तापतं, सावली पडली तर थंडावाही आमचाच, तेव्हा हक्कही आमचा. खालचे म्हणाले, लिफ्ट आम्ही वापरतच नाही, मग वर्गणी कशाची? दुसऱ्या मजल्यावरच्या आजी तेवढ्यात उठून म्हणाल्या, “ते सगळं राहू द्या. माझ्या कुरडया कुठे वाळणार?” सचिव म्हणाले, सांगाडा आठ फूट उंच करू, खाली भरपूर जागा राहील. आजी म्हणाल्या, “अन् ऊन?”

सभा तहकूब. पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे. तोवर आजींनी गच्चीची किल्ली कनवटीला लावली आहे.