राऊटरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. राऊटरसाहेब,
मुक्काम : टीव्हीच्या मागे, व्यंकटपुरा पेठ, सातारा
आणि त्यांचे धाकटे बंधू,
मुक्काम : चपलांच्या कपाटावर, विश्रामबाग, सांगली

विषय : सिग्नलच्या सर्व कांड्या भरलेल्या असताना गाणे अडकण्याबाबत.

महोदय,

आपण उभयता सुखरूप आहात, हे आपल्या हिरव्या दिव्यांवरून कळते. तक्रार आहे ती गाण्याची.

रात्री जेवणं आटोपली की आमच्या दोन्ही घरांतल्या ज्येष्ठांना अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लागते. खाँसाहेब मूळचे कैराण्याचे, पण मिरजेत राहिले आणि 1937 साली गेल्यावर तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. त्यांचं गाणं 78 च्या तबकडीवर. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. अ‍ॅपवर उत्तम दर्जा लावला, म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट, तरी त्या तीन मिनिटांचं वजन सात मेगाबाइटच्या आसपास भरतं. आपल्याकडे आहे 100 एमबीपीएसची लाइन. कागदावर ही अख्खी तबकडी एका सेकंदाच्या आत घरात यायला हवी. प्रत्यक्षात आलापीच्या ऐन मध्यावर स्पीकर गप्प होतो आणि मोबाइलवर एक गोल चक्र फिरत बसतं. खाँसाहेबांना तीन मिनिटांत राग मांडता आला; आपल्याला तो तीन मिनिटांत पोचवता येत नाही.

कस्टमर केअरला फोन केला की दोन उपाय मिळतात. पहिला, ‘सर, राऊटर बंद करून चालू करा.’ याने गुण येतो, हे नाकारत नाही. आपल्या स्मृतीत साचलेला कचरा साफ होतो, आणि सेटिंग ‘ऑटो’वर असेल तर उठल्या उठल्या आपण मोकळं चॅनल नव्याने शोधता. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. दुसरा उपाय, ‘सर, 200 चा प्लॅन घ्या.’ सात मेगाबाइटच्या गाण्यासाठी 200 चा प्लॅन! ताशी दोनशे किलोमीटरची गाडी घेतली म्हणून खंबाटकीच्या घाटातला खोळंबा सुटत नसतो.

साहेब, गाण्याला वेग फार लागत नाही, सलगपणा लागतो. आणि तो तुटतो तो रस्त्यात पुरलेल्या केबलमध्ये नव्हे, तर बहुतेक वेळा आपण आणि स्पीकर यांच्यामधल्या चार खोल्यांत. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या अंगावरचा ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला, तर बाहेर कुठेतरी जेसीबीने फायबर तोडलेली असते किंवा वायर निसटलेली असते. तेव्हा फोन करावा आणि वाट पाहावी. पण तो विझलेला असेल, ‘पॉन’ नावाचा दुसरा दिवा स्थिर हिरवा असेल आणि आपल्याशेजारी उभं राहून मोबाइलवर गाणं सुरळीत वाजत असेल, तर चोर घरातच आहे.

साताऱ्याच्या घरातला चोर म्हणजे भिंत. जुना वाडा, काळ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती. तुलनेला आकाशवाणीचं सांगली केंद्र घ्या. 1963 साली सुरू झालेलं हे केंद्र 1251 किलोहर्ट्झवर बोलतं. त्या लहरीची लांबी भरते सुमारे 240 मीटर. असल्या लहरीपुढे वाड्याच्या भिंतीची काय मातब्बरी? शिवाय तिकडे ताकद किलोवॅटची. आपली लहर 2.4 गिगाहर्ट्झची, साडेबारा सेंटीमीटरची, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आणि ताकद एका वॅटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दोन दगडी भिंती ओलांडताना तिचा जीव जातो. 5 गिगाहर्ट्झची आपली दुसरी लहर अंगणात धावायला चपळ, पण भिंतीपुढे ती पहिलीहूनही लवकर हात टेकते. अशात आपल्याला बसवलंय कुठे? टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला. वर आईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल. खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं ते वेगळंच. रुमालाने सिग्नल अडत नाही, पण हवा खेळायची भोकं झाकतात आणि उन्हाळ्यात आपण तापता. कपाटाने मात्र सिग्नल नक्की अडतो.

विश्रामबागेतल्या धाकट्या बंधूंचं दुखणं निराळं. फ्लॅटच्या भिंती पातळ, त्यामुळे शेजाऱ्यांचे सगळे राऊटर घरात. मोबाइलवर यादी उघडावी तर ‘जय भवानी’, ‘पासवर्ड मागू नये’ आणि ‘दुसरा मजला 5जी’ रांगेत उभे. ही गर्दी झाली कशी? एके काळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती कटकट संपली. 2005 साली केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला केला. निर्णय चांगलाच. पण त्यामुळे झालं असं की आता प्रत्येक फ्लॅटमध्ये एकेक प्रक्षेपण केंद्र आहे आणि कार्यक्रमपत्रिका कुणाचीच नाही. या पट्ट्यात एकमेकांच्या पायावर पाय न देणारी चॅनलं तीनच: 1, 6 आणि 11. एकाच चॅनलवर दोघे असले तर निदान आळीपाळीने बोलतात, कारण हवेत दुसऱ्याचा आवाज असेल तर थांबायचं, हा आपल्या जातीचा शिरस्ता. ही सभ्यता आम्हाला मान्य आहे. पण कुणी शहाणा 3 वर जाऊन बसला की तो धड 1 चा नाही आणि धड 6 चा नाही. दोघांनाही त्याची नुसती कुरकुर ऐकू येते. त्या गलक्यात स्पीकरच्या गाठीशी असलेलं काही सेकंदांचं गाणं संपतं आणि खाँसाहेब थांबतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचं कामही 2.4 गिगाहर्ट्झच्या आगेमागेच चालतं. त्यामुळे कुणी दूध गरम करायला ठेवलं की संगीतसभेत मध्यंतर.

तिसरी तक्रार आपल्या दुटप्पी वागण्याची. आपण दोन पट्ट्यांना एकच नाव लावता. मोबाइल 5 वर बसतो, स्वस्तातल्या स्पीकरला फक्त 2.4 कळतो आणि पहिल्यांदा जोडणी करताना दोघांची भेटच होत नाही. मेहुणे आले म्हणून त्यांना ‘गेस्ट’ नेटवर्क दिलं, तर त्यांच्या मोबाइलला जगातली सगळी गाणी मिळतात, पण समोरच्या टेबलावरचा स्पीकर दिसत नाही. पाहुण्यांची उपकरणं घरातल्या उपकरणांपासून दूर ठेवायची, ही त्या नेटवर्कची रीतच आहे. मेहुण्यांची गाण्यांची आवड लक्षात घेता ही सोय चालू ठेवावी, असा एका गटाचा आग्रह आहे.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो, तेव्हा तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि मघापर्यंत मुकी असलेली तार बोलू लागते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते असल्या हातांमुळे. आपलंही तसंच आहे, साहेब. साडेबारा सेंटीमीटरच्या लहरीला चार बोटं इकडे की तिकडे याने फरक पडतो, कारण भिंतींवर आपटून परत आलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि काही बोटांच्या अंतरावर एकमेकींना साथ देतात. कारागिराला हे कळतं. आपली स्थापना करायला आलेल्या मुलाला फक्त वायर कुठे संपते ते कळलं. ‘काका, वायर इथवरच येते,’ म्हणाला आणि तिथेच दोन खिळे मारून गेला.

तरी आपणांस विनंती की, पुढील बदल्या विनातक्रार स्वीकाराव्यात. साताऱ्याच्या साहेबांनी माजघरात, पुरुषभर उंचीच्या उघड्या फळीवर यावे. पलीकडच्या सोप्यासाठी भिंतीतून वायर ओढून एक सहायक देण्यात येईल. हवेतूनच उचलून पुढे फेकणारा स्वस्त रिपीटर देण्यात येणार नाही, कारण त्याचा अर्धा वेळ ऐकण्यात जातो आणि अर्धा सांगण्यात. सांगलीच्या साहेबांनी 2.4 च्या पट्ट्यावर 1, 6, 11 यांपैकी सर्वांत कमी गर्दीचे चॅनल धरावे, दोन पट्ट्यांना दोन नावे घ्यावीत आणि टीव्हीचा भार वायरीवर टाकून हवा गाण्यासाठी मोकळी ठेवावी.

कळावे,
आपला त्रस्त श्रोता

प्रत माहितीसाठी :
1. लोखंडी कपाट, सातारा. हलण्याची तयारी ठेवावी.
2. चॅनल 3 वरील शेजारी, विश्रामबाग. कृपया कुठल्या तरी एका बाजूला व्हावे.
3. समस्त वाचक. पुढच्या वेळी कुणी दुप्पट वेगाचा प्लॅन विकायला आला, तर त्याच्याकडे वेग मागू नका. दहा मीटर जास्तीची वायर मागा आणि राऊटर कुठे बसवायचा ते तुम्ही दाखवा.