आधी रापण, मग गाडी

देवबागात गाडी लावायची म्हणजे आधी जागा शोधायची आणि मग वर बघायचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, आणि मधे जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यावर एक रस्ता, रस्त्याच्या दोन्हीकडे घरं आणि घरांपेक्षा कितीतरी जास्त माड. खाली वाळू, वर नारळ. आमची 1997 सालची मारुती आठशे अंगणाच्या मधोमध उभी होती आणि तिच्याभोवती आम्ही पाचजण माना वर करून कुठला माड त्यातल्या त्यात सज्जन दिसतो ते बघत होतो.

"माडाक डोळे असतत," यजमान म्हणाले. "माणसाच्या डोक्यार नारळ पडना नाय."

"आणि गाडीवर?"

त्यांनी माडाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "तां माडाक इचारूक होया."

त्यांची स्वतःची स्कूटर मात्र पत्र्याच्या शेडखाली होती, आणि त्या पत्र्याला दोन ठिकाणी चांगलाच पोचा आलेला होता.

निदान आमची गाडी अंगणापर्यंत पोचली तरी. पुतण्याची नवी कोरी गाडी चिऱ्याच्या दोन गडग्यांमधल्या वळणावरच अडली. तिला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत. चारी कॅमेऱ्यांनी चारी बाजूंना गडगाच दाखवला आणि गाडी घाबरून ओरडायला लागली. शेवटी ती रस्त्याकडेला, कुणाच्या तरी फाटकाबाहेर लागली. आमची आठशे रुंदीला दीड मीटरच्या आत आणि लांबीला साडेतीनच्या आत. आरसा आत घेतला, पोट आत घेतलं, निघाली.

घरात या गाडीला नाव नाही. "आपली काढू का?" असं विचारतात, एवढंच. ती वडिलांनी घेतली. पहिली मारुती 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंगांना मिळाली, हे वडील आम्हाला असं सांगायचे की जणू दुसरी किल्ली त्यांनाच मिळायची होती आणि पोस्टात अडकली. ती चौदा वर्षांनी कोल्हापुरात पोचली. 2014 च्या जानेवारीत कंपनीने आठशे बनवणं थांबवलं, तेव्हा वडिलांनी पेपर घडी करून ठेवला आणि त्या रविवारी गाडी दोनदा धुतली.

आमची चोकवाली. सकाळी चोक ओढायचा, अॅक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबायचा, मग किल्ली. तिसऱ्यांदा दाबला तर पेट्रोलचा वास येतो आणि गाडी रुसते. हे माझ्या मुलाला जमत नाही, कारण त्याला तीनपर्यंत मोजायची सवय आहे. बाकी तिची तक्रार शून्य. खर्च आहे तो कागदांचा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण एकेकाळी 600 रुपयांत व्हायचं. 2022 च्या एप्रिलपासून त्याचे 5,000 झाले, आणि आता वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला 10,000. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा मी इथे देत नाही, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघितले की सरकारला ही गाडी भंगारवाल्यापेक्षा मोलाची वाटते असा समज करून घेता येतो.

दुसरी भानगड पेट्रोलची. त्यात आता वीस टक्के इथेनॉल. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींनी निघण्यापूर्वी पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलले. "जुनं रबर त्याच्यानं फुगतंय," ते म्हणाले, आणि मग समजूत काढल्यासारखं, "आपल्याच उसाचं हाय की वो. बाहेरचं काय न्हाई." कोल्हापूरच्या गाडीने उसाला नाही म्हणायचं म्हणजे शोभतही नाही.

तर डिसेंबरातल्या एका पहाटे निघालो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मग चौके, कुंभारमाठ करत मालवण. आमच्या गाडीत एसी नाही, खिडक्या आहेत. त्या हाताने गोल फिरवून उघडायच्या. दाजीपूरला धुकं आत येतं, घाट उतरला की काजूच्या वाड्यांतला धूर आत येतो, कुंभारमाठ ओलांडला की वाऱ्याला खारट चव लागते. पुतण्याला यातलं काही कळलं नाही. त्याच्या गाडीत सगळा प्रवासभर चोवीस अंश होते. तो पुढे जायचा, चहाच्या टपरीवर थांबायचा आणि आम्ही दिसलो की घड्याळात बघायचा.

देवबागात मात्र त्याच्या गाडीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. आठशे थांबली आणि माणसं जमली. पहिले आले ते शेजारचे एक आजोबा. त्यांनी दार उघडलं, आत बसले, स्टीअरिंगला हात लावला, उतरले आणि काही न बोलता निघून गेले. एक होडीवाला म्हणाला, त्याच्याकडे पांढरी होती, मुंबईच्या मेव्हण्याने नेली ती नेलीच. यजमान म्हणाले, "माझ्या वरातीक आठशेच होती. आत नऊ माणसां, आणि एक पेट्रोमॅक्स." पेट्रोमॅक्स कुणाच्या मांडीवर होता यावरून त्यांचं आणि वहिनींचं वाजलं. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने चोकचा दांडा ओढून बघितला आणि विचारलं, "हां कित्याक?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गाडयेक च्या देवची."

तेच. चार वर्षांचं इंजिनिअरिंग शिकलेला पुतण्या ते इतक्या थोडक्यात सांगू शकला नसता.

या कौतुकाने मी बिघडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, संगमाकडे पायी जा असं सगळ्यांनी सांगितलं असताना, मी गाडी काढली. देवबागच्या टोकाला कर्ली समुद्राला मिळते, पलीकडे भोगव्याची किनार दिसते, ते दृश्य गाडीतून बघावं असं मला वाटलं. असं का वाटलं ते विचारू नका, हिने तिथेच विचारलं होतं. डांबर संपलं, पुढे सुरूच्या झाडांतून वाळूत चाकोरी दिसत होती. ती बैलगाडीची की ट्रॅक्टरची याचा विचार करायच्या आत चाकं फिरायची थांबली. म्हणजे ती फिरत होती, गाडी थांबली. आवाज मोठा, प्रगती खाली. आणखी जोर दिला तेव्हा पुढची चाकं फिरतात आणि मागची नुसती येतात, हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा नीट समजलं. चारी चाकं व्यवस्थित रुतली.

पुतण्याच्या गाडीत वाळूचं एक बटण आहे. पण तो मागे डांबरावरच उभा राहिला. त्याने वॉरंटीचं पुस्तक वाचलेलं आहे.

शंभर पावलांवर रापण चालली होती. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले, आणि प्रत्येक दोरावर पंधरावीस माणसं पाठमोरी मागे सरकत ओढत होती. मी धावत जाऊन तांडेलांना सांगितलं, गाडी रुतलीय, भरती चढतेय.

त्यांनी गाडीकडे एकदा पाहिलं. "काकानू, गाडी खंय पळान जावची नाय. मासो जातलो. आधी रापण, मग गाडी. लावा हात."

मी हात लावला. हिनेही पदर खोचला. लांबून बघत असलेल्या पुतण्याला त्यांनी नुसती बोटाने खूण केली आणि तोही आला, बुटांसकट. दोर ओला, जाड आणि खरखरीत असतो. तो हाताने ओढायचा नसतो, अंग मागे टाकून ओढायचा असतो, हे मला तळहात सोलल्यावर कळलं. मागे सरकत सरकत वर गेलं की दोर सोडायचा, पाण्यापर्यंत चालत यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. हिने भरती मोजायला आपली एक चप्पल गाडीच्या दहा पावलं अलीकडे ठेवली होती. दर फेरीला ती तिकडे बघायची आणि मग माझ्याकडे. तास उलटला तशी चप्पल भिजली.

जाळं आलं. त्यात बांगडे होते, थोडे तारले, आणि पुष्कळसं पाणी. तांडेलांच्या तोंडावर आनंद नव्हता. "आमच्या बापाशीच्या येळाक जाळां तुमच्या गाडयेपरास जड येयचां," ते म्हणाले आणि बाहेर क्षितिजाकडे हात केला. तिकडे पर्ससीनवाल्या मोठ्या बोटी असतात. मालवणच्या किनाऱ्यावर हे भांडण जुनं आहे, आणि रापणीच्या वाट्याला येणाऱ्या टोपल्या बघितल्या की त्याचं कारण वेगळं विचारावं लागत नाही.

मग गाडी. त्यांनी माझ्याकडून किल्ली काढून घेतली, हे पहिलं शहाणपण. चारी चाकांतली निम्मी हवा सोडली. माडाच्या वाळक्या झावळ्या ओढून आणल्या. मग आठजण चारी बाजूंनी वाकले आणि गाडी उचलली. ढकलली नाही, उचलली. साडेसहाशे किलो म्हणजे माणशी ऐंशीच्या आसपास. झावळ्यांवर ठेवली, तांडेलांचा मुलगा आत बसला, चोकला हातही न लावता पहिल्या किल्लीत चालू केली आणि डांबरावर नेऊन ठेवली. "माझ्या मामाकडे होती," तो म्हणाला.

पैसे घ्यायला कुणी तयार होईना. उलट दोर ओढल्याचा वाटा म्हणून आमच्या हातात आठ बांगडे पडले. मोजून आठ. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून मी ती मागच्या सीटवर ठेवली.

घरी आल्यावर यजमानांनी मला सायकलचा पंप दिला. बारा इंची चाक दिसायला लहान असतं. पहिल्या चाकाला दोनशे मोजले आणि मग मोजणं सोडलं. त्यानंतर विहिरीचं गोडं पाणी काढून गाडीचं पोट धुवायला लावलं. "खारां पाणी पत्रो खाता. आजच धुवा, उद्या नको." मी वाळूत आडवा पडून बादलीने गाडी धूत असताना वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, आठ म्हणालात ना? हे सात आसत."

घरात दोन मांजरं होती. त्यांच्यावर संशय घेतला गेला, त्यांनी तो मनावर घेतला नाही. सात बांगड्यांचं तिखलं आणि सोलकढी झाल्यावर आठव्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. डिकीत यजमानांनी दिलेले दहा नारळ, त्यामुळे गाडीचं नाक जरा वर. ऊन कडक होतं. फोंड्याच्या पायथ्याशी हिने नाक मुरडलं. "काहीतरी जळतंय." मी म्हटलं, घाट आहे, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आहे, येणार थोडा वास. घाटाच्या मध्यावर ती म्हणाली, "जळतंय असं नाही. काहीतरी मेलंय." दाजीपूरला ती पुतण्याच्या चोवीस अंशांत जाऊन बसली.

राधानगरीला चहाला थांबलो, तर टपरीवर सगळ्यांनी खिडकीतून डोकं आत घालून वास घेतला आणि सगळ्यांकडे पूर्वी आठशे होती. एकजण म्हणाला, क्लच प्लेट. दुसरा म्हणाला, गिअर ऑइल जुनं झालंय. तिसऱ्याने बॅटरीचं पाणी उकळतंय असं सांगून बॉनेट उघडायला लावलं. चहावाला म्हणाला, त्याच्या गाडीत एकदा उंदीर मेला होता, पण हा वास उंदराचा नाही, उंदराचा वेगळा. मी मनात पेट्रोलातल्या उसावर आळ घेतला आणि तसाच उद्यमनगर गाठला.

मेस्त्रींनी गाडी चालू केली, कान लावला. "इंजिन एक नंबर." मग थांबले. नाक वर करून गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडलं आणि सीट उचलली. वाळू मूठभर निघाली. त्यांनी पोराकडून पक्कड मागितली, हात आत घातला, आणि शेपटीला धरून जे बाहेर काढलं ते उजेडात उलटसुलट करून नीट बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "ह्यो पार्ट कंपनीचा न्हाई."