पवित्र प्रभाकर आणि कुंपणाचा पत्ता

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा या इकडे, कुंपणाजवळ. भांडी काही पळून जात नाहीत. दसऱ्यात आमच्या मागच्या खोलीत काय तमाशा झाला ते कानावर आलंच असेल तुमच्या. नाही? कमाल आहे बाई, अख्ख्या गल्लीला माहीत आहे!

घट बसून चार-पाच दिवस झाले होते. पावसानं सोयाबीनचं काय केलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, शेतात जायची सोय नव्हती, सगळी लेकरं घरातच. आमचा धाकटा पुण्याहून आलेला. तो, मास्तरांचा लेक, अडतवाल्या अण्णांचा नातू आणि बँकेतल्या साहेबांचा तो उंच मुलगा, असे चौघं दार लोटून बसले. मी चहा घेऊन गेले, तर आतून आवाज:

"पवित्र प्रभाकर बघितलास का?"

"चांगलाय रे. सेवा करतो."

"आणि पुरता भाव द्यायचा नसेल तर स्वस्तातही येतो. फक्त घरातल्या एका दमलेल्याला माघारी पाठवावं लागतं."

आता सांगा, मला काय वाटेल? नणंदेच्या लेकीला स्थळं बघतोय आपण. मी ट्रे खाली ठेवला नि म्हटलं, "अरे, मुलगा करतो काय? आणि दमलेल्याला माघारी म्हणजे काय, सासऱ्याला?" चौघांची तोंडं अशी... बँकवाल्यांच्या मुलाच्या नाकातून चहा आला हो!

तर तो पवित्र प्रभाकर म्हणजे स्पायडरमॅन. खरंच! आपला हिंदुस्थानी. पीटर पार्करचं केलं पवित्र प्रभाकर. 2004 साली त्याची चित्रांची पुस्तकं आली, त्यात धोतर नेसून मुंबईत उड्या मारतो. 2023 च्या सिनेमातही होता. आणि 2025 साली 26 सप्टेंबरला या पोरांच्या त्या मॅजिक नावाच्या पत्त्यांच्या खेळात स्पायडरमॅनचा अख्खा संच निघाला, त्यात याचं कार्ड. कार्डावर खरंच 'सेवा' लिहिलंय, इंग्रजीत! बाजारात यायच्या आधीच कंपनी कार्डं उघड करते म्हणे, रोज थोडी थोडी, आणि ही लेकरं तेव्हापासून एकेका कार्डाची पत्रिका मांडून बसलेली. कुणाचे किती गुण जुळतात!

कार्डं हिंगोलीत कुठली मिळायला? यांनी छापून आणली. आपल्या जुन्या कॅटातले पत्ते, ज्यातली चौकटची राणी आणि इस्पिकची दश्शी हरवली होती ना, ते प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर रंगीत कागद सरकवले. प्रॉक्सी म्हणतात त्याला. घरगुती खेळात चौघांची हरकत नसेल तर चालतं म्हणे. मी म्हटलं, म्हणजे खोट्या नोटा. तर मास्तरांचा लेक म्हणतो, "काकू, खोट्या नव्हे, झेरॉक्स."

तर काय सांगत होते... हां, खेळ. 1993 साली अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितातल्या माणसानं काढला. तेव्हा दोघांचा होता. समोरासमोर बसायचं, प्रत्येकाचे 20 प्राण, संपले की हरला. पुढे अलास्कात काही जणांनी तो घोळक्यात खेळायचा केला. तिकडे हिवाळा केवढा, माणूस करणार काय! शेल्डन मेनरी म्हणून एक पंच होता, त्यानं तो सगळीकडे नेला, आणि 2011 पासून कंपनीच तयार गठ्ठे विकायला लागली. कमांडर म्हणतात या प्रकाराला. शंभर कार्डांचा गठ्ठा, जमिनीची साधी कार्डं सोडली तर एकही दुबार नाही, एक कार्ड म्होरक्या म्हणून समोर उघडं, आणि प्राण 40. बहुतेकदा चौघं बसतात. जोडीदार नाही, मेंढीकोटासारखं नाही. प्रत्येक जण आपापला, बदाम सत्तीसारखा.

आणि इथंच सगळी मेख आहे बघा. हे मला आधी कळलं, त्या चौघांना नंतर. हसू नका.

अण्णांचा नातू कार्ड कसं बघतो? अण्णा मोंढ्यात हळदीची कांडी मोडून आतला रंग बघतात ना, तसं. केवढ्याला पडतं, ताकद किती, पटकन हिशेब, झाला भाव! त्याचा जीव लाइटनिंग बोल्टवर. पहिल्या संचापासूनचं कार्ड, एका मॅनात समोरच्याचे 3 प्राण घेतं. मॅना म्हणजे त्यांचा पैसा. मास्तरांचा लेक मात्र शब्द वाचतो, बापावर गेलाय. तो म्हणाला, "अरे, समोर तिघं आहेत, तिघांचे मिळून 120 प्राण. त्यात तुझे 3 म्हणजे म्हशीच्या पाठीवर चापट." नातवाचं तोंड एवढंसं झालं.

मग मास्तरांच्या लेकानंच सांगितलं की नवं कार्ड आलं की आधी बघायचं, 'एका विरोधकाला' लिहिलंय की 'प्रत्येक विरोधकाला'. 'प्रत्येक' असेल तर त्याला तिनानं गुणायचं. आणि मी माझं एक कार्ड खर्चून तुझं एक मोडलं, तर दोघांच्या खेळात बरोबरी झाली. पण चौघांत? तू आणि मी दोघंही एकेक कार्डानं गरीब, आणि बाकीचे दोघं पाय पसरून बघतायत! भाऊबंदकीच्या दाव्यासारखं. दोघं भाऊ कोर्टात उभे, आणि पोट भरतं वकिलांचं. अगदी तसंच, वहिनी. मला तर त्या कळमनुरीकडच्या... जाऊ दे, नाव नको घ्यायला.

पवित्रचं काय ठरलं म्हणता? तुम्हालाही आवडलेला दिसतोय. तो हिरवा-पांढरा आहे. आपण प्राण्याचं किंवा माणसाचं कार्ड खेळलो की आपल्यातल्या एकाची ताकद एकानं वाढवतो, कायमची, आणि त्या पाळीपुरतं त्याला उडायला लावतो. धाकटा म्हणे, मस्त, छोटी छोटी वीस-पंचवीस कार्डं घालायची, दरवेळी सेवा. बँकवाल्यांचा म्हणाला, "हो, आणि तिसऱ्या फेरीला तुझा एक राक्षस झालेला सगळ्यांना दिसणार, मग आम्ही तिघं काय आरती ओवाळणार तुला?" हे मात्र पटलं मला. ज्याच्या अंगणात नवी चारचाकी उभी, त्याच्याकडेच सगळे वर्गणी मागायला जातात.

पवित्रच्या नावावरून आठवलं. या खेळाच्या कंपनीवाल्यांचं आपल्याकडे आधीपासून लक्ष आहे. 2016 साली हिंदुस्थानावर बेतलेला एक देशच काढला होता, नाव ठेवलं कलादेश. 2025 च्या फेब्रुवारीत नवा संच आला तर त्याच देशाचं नाव अविष्कार! म्हणजे नावं बदलायची हौस काही आपल्यालाच आहे असं नाही.

तर काय सांगत होते... वर्गणी. हां! त्यांच्यात एक कार्ड आहे, रिस्टिक स्टडी. ते ज्याच्यासमोर असेल त्यानं, दुसऱ्या कुणीही काही खेळलं की विचारायचं, "एक भरतोस का?" एक मॅना भरला तर ठीक, नाही भरला तर याला एक कार्ड फुकट. दरवेळी! समोर तिघं, त्यामुळे दिवसभर तेच, एक भरतोस का, एक भरतोस का. मला आपल्या भिशीवाल्या बाईच डोळ्यासमोर आल्या. आणि त्याची बहीण म्हणजे स्मदरिंग टाइथ. तुम्ही कार्ड उचललंत की दोन भरा, नाहीतर तिला एक खजिना. हमाली, तोलाई, कुठं ना कुठं कापतातच. दोघांच्या खेळात या कार्डांना कोण विचारतो? पण चौघांत सोनं, कारण भरणारे तिघं. अहो, त्या कंपनीनं 2025 साली जड कार्डांची एक यादीच काढली, गेम चेंजर म्हणतात, त्यात हे दोन्ही आहेत. कुणाच्या गठ्ठ्यात किती आहेत ते खेळायच्या आधी बोलून घ्यायचं, म्हणजे डावात रुसवे-फुगवे नकोत. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचं आधी बोलतात ना, तसं.

आणि हे तर ऐकलंच नसेल. 2024 च्या सप्टेंबरात, 23 तारखेला, त्यांच्या नियम समितीनं चार कार्डं एका दिवसात बाद केली. मॅना क्रिप्ट, ज्युएल्ड लोटस आणि आणखी दोन. शंभर डॉलरच्या वर जाणारं मॅना क्रिप्ट, सकाळी होतं नि संध्याकाळी नाही! नोटबंदीची आठ वाजताची घोषणा आठवते ना? तसेच सगळे जागच्या जागी. समितीतली माणसं हौशी, बिनपगारी, त्यांना लोकांनी एवढ्या धमक्या दिल्या की आठवडाभरात कारभार कंपनीच्या हाती देऊन मोकळी झाली. पत्त्यांपायी हो! हे सांगताना चौघं असे माना खाली घालून, जणू घरातलं कुणी गेलंय.

आता खरी गंमत. अष्टमीच्या दुपारी बँकवाल्यांचा मुलगा आलाच नाही. रामलीला मैदानावर पाळण्यात बसायला गेला म्हणे. कुणाबरोबर ते मी सांगणार नाही. तिघांत खेळ रंगेना. धाकटा म्हणाला, "आई, तू बस." मी म्हटलं, मला काय येतंय? पण बसले. पवित्रचाच गठ्ठा दिला मला.

त्यातलं एक जुनं कार्ड मी हातात आल्या आल्या ओळखलं. ओळखलं म्हणजे, काय ते कळलं. घोस्टली प्रिझन. माझ्यावर हल्ला करायचा असेल तर करणाऱ्यानं चढाईवर येणाऱ्या प्रत्येकामागे दोन मॅना भरायचे. बस्स. ना कुणाला मारत, ना काही वाढवत. तिघांनी आधीच ठरवलं होतं की बोअर कार्ड आहे. मी म्हटलं, ठेवा. हे तर आपलं कुंपण आहे!

अहो, काय झालं माहीत आहे? कुणी माझ्याकडे येईचना. फुकटात पलीकडच्या घरी जाता येत असताना माझ्या फाटकात पैसे कोण भरणार? नातवानं धाकट्याला मारलं, धाकट्यानं त्याला, मी मधे बसून माझी छोटी छोटी कार्डं टाकतेय, पवित्र सेवा करतोय. बदाम सत्तीत इस्पिकची सत्ती दाबून बसलं की बाकीचे कसे एकमेकांकडे संशयानं बघतात? तशी तोंडं. शेवटी नातू बाहेर, आणि पाठोपाठ धाकटाही! "आई, तू काही केलंच नाहीस," म्हणतो रडवेला होऊन. त्याला म्हटलं, तुझ्या आत्यांच्या भांडणात वीस वर्षं हेच करत आलेय मी.

संध्याकाळी अण्णा नातवाला न्यायला आले, त्यांना सगळं सांगितलं. ते नुसतं म्हणाले, "नमुना बघून भाव सांगता येतो, पण बीटाला समोर कोण उभंय ते बघितल्याशिवाय माल विकू नये." नातू गप.

जिंकले का? नाही ना! तेच तर सांगतेय. मास्तरांचा लेक सगळा वेळ कोपऱ्यात शांत बसलेला. त्याच्यासमोर फेब्रुवारीच्या संचातलं एक कार्ड, मॉन्युमेंट टू एन्ड्युरन्स. दिसायला दगडाचा खांब. पण त्यानं हातातलं एखादं कार्ड टाकून दिलं की तिनातलं एक मिळतं, नवं कार्ड, नाहीतर खजिना, नाहीतर प्रत्येक विरोधकाचे 3 प्राण जातात. नुसते जातात! हल्ला नाही, चढाई नाही, माझ्या फाटकाला हातसुद्धा न लावता. मी कुंपण राखत बसले आणि पाणी खालून शिरलं. माझे 40 चे 31, 28, 19... मी विचारलं, "अरे, भरायचे ते दोन?" तो थंडपणे म्हणतो, "काकू, ते अंगावर आलो तर. मी कुठं आलोय?" तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल ते तुमच्या वहिनींना, म्हणजे आमच्या जाऊबाईंना विचारा, त्या दारात उभ्या राहून हसत होत्या.

आता लेकरं गेली पुण्याला. गठ्ठे मात्र इथंच कपाटात, माझ्या जरीच्या साड्यांखाली. मी परवा बाजारात गेले तेव्हा गुपचूप आणखी एक कुंपण छापून आणलं, प्रोपगंडा नावाचं. तेच काम करतं, फक्त निळ्या रंगाचं, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या पवित्रच्या गठ्ठ्यात चालणार नाही, त्यासाठी वेगळा गठ्ठा लावावा लागेल. तो झेरॉक्सवाला माझ्याकडे बघतच राहिला.

तर म्हटलं, दुपारची जेवणं झाली की तुम्ही, मी, जाऊबाई... आणि चौथी? तीच अडचण आहे. समोरच्या भिशीवाल्या तयार आहेत, परवा स्वतःहून विचारत होत्या. पण त्यांच्या हातात रिस्टिक स्टडी पडलं तर, विचार करा, वहिनी! आधीच महिन्याच्या पाच तारखेला... श्श, हळू. फाटक वाजलं बघा त्यांचं. तुम्ही आपली भांडी घासायला लागा.