मु. पो. अज्ञात

चालू असलेला प्रत्येक सी प्रोग्राम कोणत्या ना कोणत्या डिरेक्टरीत उभा असतो, आणि पूर्ण पत्ता न देता मागितलेली फाइल त्याच्यासाठी तिथेच शोधली जाते. मात्र त्या जागेचे नाव त्याचे त्यालाच ठाऊक नसते. युनिक्सच्या कर्नलने, म्हणजे यंत्राचा सारा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रोग्रामने, त्याच्या नावे जागा नोंदलेली असते, पत्ता नव्हे.

1979 सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील पीडब्ल्यूडी ही चालू डिरेक्टरीचा पत्ता सांगणारी कमांड म्हणूनच आधी आपल्या डिरेक्टरीचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरील तिचा नोंदणी क्रमांक, पाहून ठेवी, मग दोन टिंबांच्या वाटेने वरच्या डिरेक्टरीत जाऊन तेथील एकेक नोंद त्या क्रमांकाशी ताडून पाही, आणि जुळेल ते आपले नाव मानून पुन्हा एक पायरी चढे. स्वतःचे नाव विचारायला बापाकडे आणि बापाचे विचारायला आजोबांकडे जावे, तसा हा प्रकार मूळपुरुषापर्यंत, म्हणजे रूट डिरेक्टरीपर्यंत चाले. रूटच्या वरही रूटच असल्यामुळे वंशावळ तिथे नाइलाजाने संपे.

आता ही पायपीट गेटसीडब्ल्यूडी या फंक्शनच्या आड गेली असून लिनक्सवर कर्नलच उत्तर जुळवून देते. या फंक्शनला बफर, म्हणजे उत्तरासाठी राखलेली मेमरी, आणि तिची लांबी सांगावी लागते. शेवटच्या शून्य बाइटपुरतीही जागा कमी पडली तर ते नल परत करते आणि एररनो या चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या चलात ईरेंज, म्हणजे जागा अपुरी, असा शेरा ठेवते, जो वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. बीएसडी या युनिक्सच्या शाखेतले जुने गेटडब्ल्यूडी लांबी विचारतच नसे, दिलेल्या मेमरीत मनसोक्त लिहीत सुटे. या दिलदारीपायी पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाच्या 2008 च्या आवृत्तीतून त्याला नारळ मिळाला.

प्रोग्राम उभा असतानाच त्याच्या पायाखालची डिरेक्टरी कोणी काढून टाकली, तर लिनक्सवर तो तिथेच ठाण मांडून राहतो, पण पत्ता विचारताच ईनोएंट, म्हणजे असे काही अस्तित्वातच नाही, हे उत्तर मिळते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

सेटिंगची फाइल शोधण्यासाठी गेटसीडब्ल्यूडीवर विसंबणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की प्रोग्रामची फाइल कोठे ठेवली आहे याच्याशी त्याला काहीही कर्तव्य नसते. तोच प्रोग्राम क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या प्रोग्रामने, चालवला, की ते सहसा वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीचा पत्ता देते.