तटाची फेरी : नवशिक्यांसाठी सूचना

हिवाळ्यात रेवदंड्याच्या तटाभोवती फेरी मारण्याचे एक शास्त्र आहे. ते कुठे छापलेले नाही. आमच्या काकांकडे ते आहे आणि कोणालाही, न विचारता, फुकट मिळते. गरजूंसाठी सार देत आहे.

प्रथम पोशाख. कानटोपी, तिच्यावर मफलर, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि खाली हाफ पँट. रेवदंड्याची थंडी ती केवढी! पुण्याचा माणूस त्या हवेत पंखा लावून झोपेल. पण थंडी फक्त कमरेच्या वर वाजते, अशी काकांची धारणा आहे. पहाटे सहाला निघायचे ठरते. कानटोपी सापडेपर्यंत सात वाजतात.

निघण्यापूर्वी पंचांग पाहावे, मोबाइल नव्हे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सकाळी किनाऱ्याने जाऊ म्हणाल तर वाळूचा पट्टा अरुंद मिळणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र सकाळी पाणी लांब गेलेले असते आणि पायाखाली ओली, घट्ट वाळू येते. शिवाय थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून सुटतो, त्यामुळे तोंडावर खारट मारा नाही. हे गणित थोड्याफार फरकाने बरोबर येते. काकांचे एवढे एकच शास्त्र मी निमूट मानतो. चौलच्या दत्ताची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते, त्यामुळे जत्रेच्या पाहुण्यांना सकाळी किनारा आयता मोकळा मिळतो. त्याचेही श्रेय काका घेतात.

तट साधारण पाच किलोमीटरचा आणि अख्खे गाव त्याच्या पोटात. अलिबाग-मुरूडचा रस्ता तट फोडून आत येतो आणि फोडूनच बाहेर जातो. तटावरून सलग चालता येत नाही. कुठे वडाच्या मुळांनी दगड उचकटलेत, कुठे तटच कोणाच्या तरी वाडीचे कुंपण झालाय. वाडीत शिरण्याआधी हाक द्यावी. माडाखाली उभे राहून इतिहास सांगू नये, ऐकूही नये. पोर्तुगिजांकडून हे ठाणे मराठ्यांकडे आले ते 1740 मध्ये, हे वाक्य माडापासून चार पावले बाजूला सरकूनही तितकेच खरे राहते. काका सरकत नाहीत.

सातखणी मनोऱ्यापाशी शिस्त पाळावी. हा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा. खण मोजू नयेत. मी मोजले आणि सात भरत नाहीत असे म्हणालो, तर काकांनी वरच्या मोकळ्या आकाशाकडे बोट करून उरलेले मोजून दाखवले.

शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचे स्मारक आहे. हा रशियन व्यापारी 15व्या शतकात घोडा घेऊन चौलला उतरला. आपण जाऊ तिथे लोक मागून येतात आणि टकामका बघतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. बघ्यांमध्ये आमचे पूर्वज असणारच, याबद्दल मला शंका नाही. फेरीतला सगळ्यात लांब मुक्काम याच कारणाने पडतो. समोरून कोणी आले की काका थांबतात.

"पुतण्या वाटतं?"

"हो, धाकट्याचा."

"कधी आलास?"

"काल."

"मग जाणार कधी?"

या प्रश्नाचा राग मानू नये. उत्तर ऐकून घरी शहाळी पाठवतात.

कुंडलिकेच्या मुखाशी पोचलात तर पलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. पोचलात तर. कारण जानेवारीत वाटेत हमखास कोणीतरी सांगते, "आज पोपटी लावतोय." झाले! काकांचा मोर्चा बांधाकडे वळतो, भांबुर्डीचा पाला काढायला. कोवळा नको, निबर नको, आणि मडक्याचा तळ व तोंड दोन्ही भरतील एवढा हवा. वालाच्या शेंगा, मीठ, ओवा आत गेला की तोंडाशी पाला ठासून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. झाली का ते बघायला मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवावेत; लगेच वाळले की झाली. झाकण उघडून बघणाऱ्याला पुढल्या खेपेला बोलावत नाहीत.

राहिलेली अर्धी फेरी उद्या उलट्या बाजूने सुरू करायचे ठरते. ती पुन्हा इथेच कुठेतरी थांबते आणि काका घरी येऊन काकूंना सांगतात, "दोन्ही अर्ध्या धरल्या तर एक पुरी झाली."